विजेचा साक्षीदार

संसारांत लागणाऱ्या बहुतेक वस्तूंची पारख घरांतील कोणा ना कोणास असतेच. तांदूळ जुना कीं नवा हें आमच्या मातुःश्री चार दाणे तळहातावर घेऊन सांगत. कापडाचें सूत ओळखण्यांत धाकटी भावजय निष्णात. आणि पुस्तकाची आवृत्ति शुद्ध कीं अशुद्ध हें पहिलीं दहा पानें चाळून सांगण्याचा मान घरानें माझ्याकडे दिलेला आहे. परंतु अलीकडे एक वस्तु अशी निघाली कीं, तिची पारख तर राहोच, तिचें नांवहि आम्हां वडील माणसांपैकीं कोणास सरळ उच्चारतां येईना. ती वस्तु म्हणजे डिजिटल ऑसिलोस्कोप. संस्कृत शिकलेल्या माणसाच्या हट्टानें मीं तिला ‘आंदोलनदर्शक’ असें नांव दिलें, व तें घरांत चार दिवस चाललेंहि. पण या नांवानें बाजारांत विचारल्यास दुकानदार झोपाळा काढून दाखवील, हें पुतणीनें लक्षांत आणून दिल्यावर मीहि प्रचलित नांवच पत्करलें.

माझ्या धाकट्या बंधूंच्या या कन्येनें इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली आहे. माळ्यावरच्या खोलींत खिडकीखालीं जुनें शिसवी टेबल टाकून तिनें आपलें काम मांडलें असून, आळींतील बिघडलेले चार्जर, इन्व्हर्टरचीं कार्डें, वृद्धांचे रेडिओ असें सारें तेथें येऊन पडतें. शहराबाहेरच्या एका कारखान्यांत मिळत असलेली नोकरी पत्करावी, कीं घरींच दुरुस्तीचा व लहानसहान सर्किटें बनवून देण्याचा व्यवसाय उभारावा, अशा विचारांत ती होती. आणि व्यवसाय करावयाचा तर ऑसिलोस्कोपावांचून चालणार नाहीं, असें तिचें म्हणणें. घराच्या सामाईक पैशांतून दिवाणखान्याच्या रंगासाठीं २५,००० रुपये बाजूस काढलेले होते, त्यांवर सर्वांची दृष्टि गेली. बंधु म्हणाले, “मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग आयर्न आहे, आणखी काय राहिलें? दोन वर्षें नोकरी करूं दे, मग स्वतःच्या पैशानें घेईल.” त्यावर भावजय म्हणाली, “भिंती आणखी एक वर्ष कळ काढतील. पण एकदां नोकरींत शिरल्यावर हें टेबल पुन्हां उघडेल, असें मला वाटत नाहीं.” दोघांचेंहि म्हणणें टाकाऊ नव्हतें. शेवटीं असें ठरलें कीं, आप्पांनीं (घरांत मला सर्वजण याच नांवानें हांक मारतात) त्या वस्तूची नीट माहिती करून घ्यावी, आणि त्यांची खात्री पटली तर ती आणावी. मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या व जन्मभर मुलांकडून रूपावलि घोकवून घेतलेल्या माणसावर हा भार पडला. दीड महिना पुतणीचा विद्यार्थी होऊन मी जें कांहीं शिकलों, तें अशाच एखाद्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या उपयोगीं पडावें, एवढ्याच हेतूनें येथें लिहितों.

पहिली शंका बंधूंचीच. मल्टिमीटर असतांना हें दुसरें यंत्र कशास? या शंकेचें उत्तर आमच्या घरांतील इंटरनेटच्या राउटरनें दिलें. तो दिवसांतून पांचसात वेळां आपोआप बंद पडून पुन्हां सुरू होई. त्याला वीज पुरविणारा अडॅप्टर १२ व्होल्टचा. मल्टिमीटर लावून पाहावें तों आंकडा बरोबर १२ चा. अर्थात् अडॅप्टर निर्दोष ठरून दोष राउटरच्या माथीं आला, व नवा राउटर आणण्याची भाषा सुरू झाली. तेव्हां पुतणीनें मैत्रिणीचा ऑसिलोस्कोप दोन दिवसांकरितां मागून आणला, आणि त्याच अडॅप्टरचा विद्युद्दाब पडद्यावर पाहिला. सरळ रेषा दिसावयाची तेथें करवतीसारखे दांते दिसले. आणि राउटर अधिक वीज ओढूं लागला कीं, तीच रेषा कांहीं मिलिसेकंदांपुरती ८ व्होल्टांपर्यंत बुडी मारून वर येई. मल्टिमीटर बिचारा खोटें बोलत नव्हता. पण तो सेकंदाला दोनतीन वेळां काय ती सरासरी सांगणार! वर्गाची सरासरी ५० गुण आली, एवढ्यावरून कोणता मुलगा नापास झाला हें कळत नाहीं. त्यासाठीं गुणपत्रकच उघडावें लागतें. अडॅप्टरमधील एक कपॅसिटर वाळून निकामी झाला होता. नवा दहा रुपयांच्या आंत मिळाला, व तो बसविल्यावर राउटर आजतागायत बिनतक्रार चालला आहे. बंधूंचा विरोध त्या दिवशीं संपला असें नाहीं, पण ‘कशास?’ हा प्रश्न मात्र संपला. ‘कोणता?’ हा प्रश्न उरला.

हें यंत्र तसें आजकालचें नव्हे. कार्ल फर्डिनंड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८९७ सालीं स्ट्रासबुर्ग येथें कॅथोड किरणांची नळी सिद्ध केली. विजेच्या चढउताराबरोबर किरणाचा ठिपका वरखालीं हलावा व त्या हालचालीवरून विजेची चाल डोळ्यांनीं पाहतां यावी, ही तीमागील कल्पना. याच ब्राउन यांना १९०९ सालीं मार्कोनी यांच्या बरोबरीनें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें, पण तें बिनतारी संदेशवहनाच्या कामाबद्दल. पुढें १९४७ सालीं अमेरिकेंतील टेक्ट्रॉनिक्स कंपनीनें ५११ या क्रमांकाचा ऑसिलोस्कोप बाजारांत आणला. त्यांतील ‘ट्रिगर’ची सोय फार महत्त्वाची ठरली. लाट दर वेळीं एका ठराविक बिंदूस पोंचली म्हणजेच रेखाटन सुरू करावयाचें, हें ट्रिगरचें काम. तो नसेल तर चित्र पडद्यावरून धांवत सुटतें. तो असला म्हणजे धांवती लाट जागच्याजागीं उभी राहिल्यासारखी दिसते.

आजच्या डिजिटल ऑसिलोस्कोपांत ब्राउनची नळी राहिलेली नाहीं. विद्युद्दाब क्षणोक्षणीं मोजावयाचा, ते आंकडे स्मरणांत सांठवावयाचे, आणि त्यांवरून चित्र काढावयाचें, ही त्याची पद्धति. यामुळें एकदांच घडून गेलेली गोष्टहि त्याला धरून ठेवतां येते. राउटरच्या अडॅप्टरची ती क्षणिक बुडी जुन्या पद्धतीच्या साध्या यंत्रावर लुकलुकून नाहींशी झाली असती. डिजिटल यंत्रावर ती थांबवून आम्हां सर्वांस निवांत पाहतां आली.

येथें मला माझ्या जुन्या अभ्यासाची आठवण झाली. न्यायशास्त्रानें प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें मानिलीं आहेत. पडद्यावरची रेषा पाहणारास ती सारीच प्रत्यक्ष वाटते. वस्तुतः यंत्रानें मोजलेले असतात ते केवळ सुटे ठिपके. दोन ठिपक्यांमधील रेषा हें त्याचें अनुमान होय. आणि खोक्यावर जे मोठमोठे आंकडे छापलेले असतात, तें निव्वळ शब्दप्रमाण. बोलणारा आप्त असेल, म्हणजे जाणता व सत्यवादी असेल, तरच तें ग्राह्य. ऑसिलोस्कोपाची निवड करण्याची सारी विद्या या तिहींतील भेद ओळखण्यांत आहे, असें माझें मत झालें आहे. विकत घ्यावयाचा तो विजेचा साक्षीदार. आणि साक्षीदारानें स्वतः किती पाहिलें व पदरचें किती घातलें, हें विचारल्यावांचून त्याची साक्ष कोणी सुज्ञ मानीत नाहीं.

पहिला आंकडा बँडविड्थचा. वय झालेल्या माणसाला जसा बारीक, चढा स्वर ऐकूं येईनासा होतो, तशी प्रत्येक ऑसिलोस्कोपालाहि वरची मर्यादा असते. १०० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदास दहा कोटी आंदोलनें, अशी मर्यादा सांगितली असतां, त्या गतीची १ व्होल्टची लाट पडद्यावर सुमारें ०.७ व्होल्टचीच दिसेल, असा तिचा ठरलेला अर्थ आहे. म्हणजे मर्यादेवर पोंचल्यावर साक्षीदार अगोदरच तोंडांतल्या तोंडांत बोलूं लागलेला असतो. त्यांत आणखी एक मेख आहे. संगणकाच्या कामांतील लाटा चौकोनी असतात, आणि चौकोनी लाट ही एका स्वराची नसून मूळ स्वर व त्याच्या तिप्पट, पांचपट, सातपट अशा विषम पटींच्या स्वरांचा मेळ असतो. वरचे स्वर गळले कीं चौकोनाचे कोपरे गोल होतात. म्हणून मूळ गतीच्या निदान पांचपट बँडविड्थ असावी, असा जाणत्यांचा दंडक आहे.

मग घरच्या टेबलाला किती हवी? पुतणीनें कागदावर यादी करून दाखविली, ती मला फार उपयोगी वाटली. घरांतील वीज ५० हर्ट्झची. माणसाच्या कानाला ऐकूं येणारे स्वर २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत. चार्जर व अडॅप्टर यांच्या पोटांतील धडधड कांहीं दहा हजारांपासून कांहीं लाख हर्ट्झपर्यंत. जुन्या मध्यम लहरींच्या रेडिओची मधली आवृत्ति बहुधा ४५५ किलोहर्ट्झ, एफ्. एम्. रेडिओची १०.७ मेगाहर्ट्झ. विद्यार्थ्यांच्या हातीं असणाऱ्या आर्डुइनो ऊनो या पाटीचें घड्याळ १६ मेगाहर्ट्झचें. यादी पाहतांच उमगलें कीं, तिचें नव्वद टक्के काम ५० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर होईल, १०० मेगाहर्ट्झचें असलें तर आर्डुइनोची चौकोनी लाटहि ओळखूं येईल इतपत दिसेल, आणि त्यापुढचे पैसे हे तूर्त हौसेचे. कोणतेंहि साधन घेण्यापूर्वीं आपल्या कामाची अशी यादी करणें हें मला तर निम्म्या खरेदीसारखें वाटतें.

दुसरा आंकडा सॅम्पलिंगचा, म्हणजे सेकंदांत किती ठिपके मोजले जातात याचा. चित्रपटांत धांवत्या टांग्याचें चाक उलट फिरतांना आपण सर्वांनीं पाहिलें आहे. चित्रें पुरेशा वेगानें घेतलीं गेलीं नाहींत, म्हणजे डोळ्यांचें अनुमान फसतें. तोच प्रकार येथें घडतो: ठिपके विरळ पडले तर यंत्र मोठ्या आत्मविश्वासानें भलतीच संथ लाट काढून दाखवितें. हॅरी नायक्विस्ट यांनीं १९२८ सालीं व क्लॉड शॅनन यांनीं १९४९ सालीं जें गणित मांडलें, त्याचें तात्पर्य असें कीं, लाटेंतील सर्वांत चढ्या आवृत्तीच्या दुपटीहून अधिक वेगानें ठिपके घेतले पाहिजेत. व्यवहारांत चारपांच पट धरणें शहाणपणाचें. स्वस्त यंत्रांवर ‘सेकंदास १ अब्ज’ असा आंकडा असतो, तो बहुधा खराहि असतो. पण तो एकच चॅनेल चालू असतांनाचा. रिगोल कंपनीचें डीएस१०५४झेड हें चार चॅनेलचें यंत्र घेतलें तर, एका चॅनेलवर सेकंदास १०० कोटी, दोन्हींवर प्रत्येकीं ५० कोटी, व चारहि चालू केले असतां प्रत्येकीं २५ कोटी ठिपके, असा हिशेब त्याच्या माहितीपत्रकांतच दिलेला आहे. घरांत एक भाकरी चौघांत वांटावी तसें हें आहे; त्यांत फसवणूक नाहीं, फक्त भाकरी एकच आहे हें अगोदर ठाऊक पाहिजे.

तिसरी गोष्ट स्मरणाची, आणि हिच्याकडे नवशिक्यांचें लक्ष सर्वांत कमी जातें. यंत्राला ४०,००० ठिपके सांठवितां येत असतील, व तें सेकंदास १ अब्ज ठिपके घेत असेल, तर त्याच्या स्मरणांत सारे मिळून ४० मायक्रोसेकंद मावतील. १ कोटी २० लाख ठिपक्यांचें स्मरण असेल तर १२ मिलिसेकंद मावतील. आपल्या घरांतील विजेचें एक आवर्तन २० मिलिसेकंदांचें असतें. म्हणजे त्या पूर्ण वेगानें तें आवर्तन एकदां आदिपासून अंतापर्यंत टिपावयाचें तर २ कोटी ठिपके हवेत. स्मरण तोकडें असलें कीं यंत्र गुपचूप आपला वेग उतरवितें, आणि मग खोक्यावरचा अब्जाचा आंकडा नुसता शोभेचा राहतो. पाठांतर थोडें असलेल्या विद्यार्थ्याला मोठा श्लोक विचारला म्हणजे तो मधले चरण गाळतो, त्यांतलाच हा प्रकार.

चौथी गोष्ट उभ्या मोजपट्टीच्या बारकाईची. बहुतेक स्वस्त यंत्रें ८ बिटांचीं असतात. तीं पडद्याची उंची २५६ पायऱ्यांत मोजतात. पूर्ण उंची १० व्होल्टांची लावली तर एक पायरी सुमारें ३९ मिलिव्होल्टांची पडते. १२ बिटांच्या यंत्रांत ४,०९६ पायऱ्या असतात, व तीच पायरी अडीच मिलिव्होल्टांहूनहि लहान होते. ध्वनिवर्धकांतील बारीक खरखर शोधणारास याचा उपयोग फार. चार्जर दुरुस्त करणारास बेताचा.

एवढी तयारी झाल्यावर बाजाराच्या पायऱ्या स्पष्ट दिसूं लागल्या. सर्वांत खालीं डीएसओ१३८ हें जोडणीचें सुटें साहित्य: एक चॅनेल, २०० किलोहर्ट्झ बँडविड्थ, सेकंदास १० लाख ठिपके, आणि पडदा २.४ इंचांचा. शाळकरी मुलाच्या हातीं हें द्यावें. जोडतांना सोल्डरिंग शिकतो व जोडून झाल्यावर आवाजाच्या लाटा पाहतो. त्यावर पोट भरतां येणार नाहीं, पण गोडी लागेल. तिच्यावर हातांत धरण्याचीं, पाटीसारखीं दिसणारीं यंत्रें. त्यांविषयीं पुढें सांगतों. तिसऱ्या पायरीवर टेबलावर ठेवण्याचीं खरीं यंत्रें: हँटेकचें डीएसओ२सी१० हें दोन चॅनेलचें, १०० मेगाहर्ट्झचें व ८० लाख ठिपक्यांच्या स्मरणाचें, अथवा सिग्लेंटचें एसडीएस११०४एक्स-ई हें चार चॅनेलचें, तितक्याच बँडविड्थचें व १ कोटी ४० लाख ठिपक्यांचें. चौथ्या पायरीवर २०२३ सालीं निघालेलें रिगोलचें डीएचओ८०४: चार चॅनेल, ७० मेगाहर्ट्झ, पण १२ बिटांचें व अडीच कोटी ठिपक्यांचें. पुतणीचें मन या शेवटच्यावर होतें, हें मी न सांगतांहि वाचक ओळखतील. याशिवाय महाविद्यालयांतून निकालांत निघालेले नळीचे जुने ऑसिलोस्कोप जुन्या बाजारांत मिळतात. त्यांची चाल डोळ्यांना गोड व साक्ष सरळ. परंतु ओझें मोठें, नळी वयस्क, आणि घडून गेलेलें धरून ठेवण्याची सोय बहुतेकांत नाहीं. शिकण्यास उत्तम, व्यवसायास अपुरे.

मुंबईकरांस जसा लॅमिंग्टन रोड, तशी आम्हां पुणेकरांस बुधवार पेठेंतली तपकीर गल्ली. तेथें जातांना पुतणीनें आपल्या पिशवींत आर्डुइनोची पाटी घेतली होती व तिच्याकडून ८ मेगाहर्ट्झची चौकोनी लाट निघावी अशी योजना घरूनच करून ठेवली होती. एका दुकानांत १०० मेगाहर्ट्झ असें ठळक छापलेलें एक पाटीवजा यंत्र होतें, किंमतहि मोहांत पाडणारी. तिनें त्यावर आपली लाट लावली. १०० मेगाहर्ट्झच्या खऱ्या यंत्रावर त्या लाटेच्या तिप्पट, पांचपट, सातपट, नऊपट व अकरापटहि स्वर दिसावयास हवेत, म्हणजे चौकोन चौकोनासारखा दिसला पाहिजे. येथें मात्र गोल, गुळगुळीत टेकड्यांची रांग उमटली. तीच लाट शेजारच्या टेबलावरील यंत्रावर लावतांच कोपरे उभे राहिले. दुकानदार समंजस होता, तो हसून म्हणाला, “ताई, आपण परीक्षा घेऊनच आलांत.” त्या यंत्राचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. माझा मुद्दा एवढाच कीं, शब्दप्रमाणाची शहानिशा करण्यास फार मोठी प्रयोगशाळा लागत नाहीं. कांहींशें रुपयांची पाटी व थोडा विचार पुरतो. मात्र या परीक्षेंत प्रोबची अर्थची तार अगदीं आंखूड ठेवावी. ती लांब असली म्हणजे लाटेच्या कोपऱ्यांवर खोटे तुरे उमटतात, व निरपराध यंत्रावर आळ येतो.

प्रोबांविषयीं दोन शब्द अवश्य सांगितले पाहिजेत, कारण साक्षीदार कितीहि चांगला असला तरी त्याच्यापर्यंत वार्ता पोंचविणारा दूत प्रोबच असतो. बहुतेक प्रोबांवर ‘एकपट’ व ‘दहापट’ असा खटका असतो. एकपटीवर प्रोबची स्वतःची मर्यादा कांहीं मेगाहर्ट्झांवरच संपते व तपासावयाच्या सर्किटावर भारहि अधिक पडतो. म्हणून नित्याचें काम दहापटीवर करावें. यंत्राच्या तोंडाशीं १ किलोहर्ट्झच्या चौकोनी लाटेची एक पट्टी असते. प्रोब तिला लावून, लाटेचा माथा सपाट होईपर्यंत प्रोबवरील बारीक स्क्रू फिरवावा. गवई जसा मैफिलीपूर्वीं तंबोरा लावून घेतो, तसा हा नेम कामापूर्वीं पाळला पाहिजे.

आतां ज्या गोष्टीसाठीं मी हा लेख लिहावयास बसलों असें म्हटलें तरी चालेल, ती. टेबलावरच्या ऑसिलोस्कोपाच्या प्रोबला जो अर्थचा चिमटा असतो, तो यंत्राच्या सांगाड्यांतून थेट भिंतींतील तिसऱ्या पिनेला, म्हणजे जमिनीला, जोडलेला असतो. चार्जर किंवा अडॅप्टर यांच्या आंतील जी बाजू घरच्या विजेला जोडलेली असते, तिच्यावर हा चिमटा लावला कीं विजेला जमिनीकडे जाण्याची आयती वाट मिळते. क्षणार्धांत ठिणगी उडते, यंत्र जळतें, आणि माणसावरहि बेततें. आपल्या घरांतील २३० व्होल्टांच्या विजेचा माथा सुमारें ३२५ व्होल्टांपर्यंत जातो, हें ध्यानांत असावें. कांहीं लोक यावर तोड म्हणून यंत्राची तिसरी पिनच काढून टाकतात. हा उपाय रोगाहून भयंकर आहे. कारण मग यंत्राचा सारा सांगाडाच जिवंत होतो, आणि त्याला हात लावणारा पुढचा माणूस घरांतील मूलहि असूं शकेल.

योग्य मार्ग असा कीं, तपासावयाची वस्तु आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर चालवावी आणि ऑसिलोस्कोपाची पिन जागच्या जागीं राहूं द्यावी. अथवा त्या कामासाठीं मुद्दाम केलेला डिफरेन्शियल प्रोब वापरावा. ट्रान्सफॉर्मर असला तरीहि, चिमटा लावल्यावर तो बिंदु जमिनीशीं जोडला जातो, म्हणून दुसऱ्या बिंदूस हात लावणें धोक्याचें राहतेंच. शिवाय वीज बंद केल्यावरहि अशा वस्तूंतील मोठा कपॅसिटर कांहीं काळ तीनशेंहून अधिक व्होल्ट धरून बसूं शकतो. माझी संमति मीं या एका अटीवर दिली: ठरलेल्या २५,००० रुपयांतच ट्रान्सफॉर्मर बसला पाहिजे, आणि विजेच्या बाजूचें काम घरांत दुसरें जाणतें माणूस असल्याशिवाय करावयाचें नाहीं. पुतणीनें थोडी कुरकुर केली, “आप्पा, ट्रान्सफॉर्मरच्या पैशांत आणखी दोन चॅनेल येतील.” मी म्हटलें, “चॅनेल पुढें घेतां येतात, बाळे. तूं पुढें मिळणार नाहींस.” यावर ती कांहीं बोलली नाहीं, व तो विषय तेथेंच मिटला.

निवड मग सोपी झाली. चार चॅनेल व १२ बिट यांचा मोह सोडून, दोन चॅनेलचें, १०० मेगाहर्ट्झचें, पुष्कळ स्मरणाचें टेबलावरचें यंत्र आणि जोडीला ट्रान्सफॉर्मर, असें दिवाळीपूर्वीं घरीं आलें. दोन चॅनेल पुरेसे कां? तर ध्वनिवर्धकांत काय शिरलें व त्यांतून काय बाहेर पडलें, हें एकाखालीं एक पाहण्यास दोनच लागतात. जेथें आठआठ तारांवरचा संगणकी संवाद पाहावयाचा असतो, तेथें अल्प किमतीचा लॉजिक ॲनालायझर संगणकाला जोडून काम भागतें. तो लाटेचा आकार दाखवीत नाहीं, फक्त ‘आहे’ व ‘नाहीं’ सांगतो, पण त्या कामाला तेवढेंच हवें असतें.

कारखान्याच्या नोकरीस पुतणीनें नकार कळविला. तो निर्णय बरोबर कीं चूक, हें सांगण्याचा अधिकार आणखी दोन वर्षांनीं येणाऱ्या हिशेबाच्या वहीला आहे, मला नाहीं. बंधु अद्यापि ‘पाहूं’ असेंच म्हणतात. परंतु रात्रीं जेवणानंतर ते माळ्यावर जातात, आणि त्यांच्या तरुणपणच्या टेपरेकॉर्डरचा आवाज कां थरथरतो याचा शोध बापलेक मिळून घेत बसतात, हें मीं पाहिलें आहे. दिवाणखान्याच्या भिंती भावजयीच्या म्हणण्याप्रमाणें कळ काढीत आहेत.

ज्यांच्या घरांत अशी मागणी येईल, त्यांना माझें सांगणें थोडक्यांत असें. मुलाच्या किंवा मुलीच्या मागणीला, ‘आम्हांला त्यांतलें कळत नाहीं’ एवढ्याच कारणावरून नकार देऊं नये; न कळणारी गोष्ट वडिलांनीं मुलांकडून शिकून घेण्यांत कमीपणा नाहीं. तसेंच, ‘तिला कळतें’ म्हणून डोळे मिटून पैसेहि देऊं नयेत. तिला कामाची यादी करावयास सांगावी. प्रत्येक आंकड्यापुढें ‘हा केव्हां खरा?’ असें विचारावें. दुकानांत स्वतःची लाट घेऊन जावें. आणि जिवाच्या रक्षणाचा खर्च यंत्राच्या किमतींतच धरावा, तो वरचा म्हणून मागें ठेवूं नये. एवढें केलें म्हणजे मध्यम किमतीचा साक्षीदारहि उत्तम साक्ष देतो. कारण त्याची दृष्टि कोठपर्यंत पोंचते हें आपणांस ठाऊक असतें, आणि त्यापलीकडचें त्याला आपण विचारीत नाहीं.